आकाशाचा मक्ता

पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांतील कपाटें आवरतांना अजूनहि कधीं कधीं एक लहानशी पुस्तिका हातीं लागते. ती बँकेची नसते, रेशनाचीहि नसते. आंत घरमालकाचें नांव, नभोवाणी-यंत्राचा तपशील आणि पुढील पानांवर दरसालच्या फीचीं तिकिटें चिकटवून त्यांवर मारलेले पोस्टाचे शिक्के, एवढाच तिचा मजकूर. घरीं बसून गाणें ऐकण्यासाठीं पोस्टांत जाऊन पैसे भरावयाचे व सरकारचा परवाना घ्यावयाचा, हा रिवाज १९८० च्या दशकांत बंद पडला. ज्या पिढीनें तो पाळला तिला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. जी त्यानंतर जन्मली तिला ती पुस्तिका दाखविली तर ती हंसते. वर्तमानपत्र वाचण्यास परवाना लागत नाहीं. नाटक पाहण्यास तिकीट लागतें, पण तें नाटक मंडळीचें. मग केवळ ऐकण्यास सरकारची अनुज्ञा कां लागावी? प्रश्न पोरकट दिसतो. पण त्याचें उत्तर शोधूं गेल्यास या देशांतील सरकार, यंत्रविद्या आणि वृत्तप्रसार यांच्या संबंधाचा बराच मोठा इतिहास उलगडावा लागतो.

त्या इतिहासाचा आरंभ नभोवाणीच्या जन्माआधींच झाला आहे, ही त्यांतील पहिली मौज होय. १८८५ सालीं हिंदुस्थान सरकारनें तारायंत्राचा कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमानें देशांत तारायंत्रें उभारण्याचा, राखण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला आणि इतर कोणास तें काम करावयाचें झाल्यास सरकारी परवान्याची अट घातली. १८५७ च्या उठावांत तारेनें आपणांस केवढा हात दिला हें राज्यकर्ते विसरले नव्हते. तेव्हां तार परक्या हातीं जाऊं न देण्याची त्यांची खबरदारी समजण्यासारखी आहे. नवल आहे तें पुढेंच. हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें विद्युल्लहरी प्रयोगशाळेंत उत्पन्न करून दाखविल्या त्या १८८७-८८ च्या सुमारास. जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास त्या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली ती १८९५ सालीं. म्हणजे कायदा झाला तेव्हां ज्या वस्तूवर त्याची सत्ता पुढें चालावयाची होती ती वस्तु कोणी पाहिलेलीहि नव्हती. तथापि तारायंत्राची कल्पना इतकी ऐसपैस होती कीं थोड्याबहुत दुरुस्तीनें तींत बिनतारी संदेशहि सहज बसला. खांबांवरील तारेसाठीं विणलेल्या जाळ्यांत आकाश सांपडलें तें असें. उरलेली फट १९३३ च्या बिनतारी कायद्यानें बुजविली. संदेश पाठविणें तर राहोच, पण बिनतारी यंत्र परवान्यावांचून नुसतें जवळ बाळगणें हाहि त्यानें गुन्हा ठरविला. कपाटांतल्या पुस्तिकेचें मूळ तें हें.

परंतु सरकारचा पक्ष सर्वस्वीं लटका होता असें नव्हे. विद्युल्लहरींचा स्वभावच असा आहे कीं त्यांच्या वांटपास कोणीतरी पंच लागतो. दोन छापखाने एका गल्लींत शेजारीं शेजारीं चालले तरी एकाचीं अक्षरें दुसऱ्याच्या कागदावर उमटत नाहींत. पण दोन प्रक्षेपण-केंद्रें एकाच कंपनसंख्येवर बोलूं लागलीं म्हणजे श्रोत्याच्या कानीं शिटी आणि गोंगाट यांवांचून कांहींच पडत नाहीं. मध्यम लहरींचा पट्टा सुमारें ५३० पासून १६०० किलोहर्ट्झपर्यंतचा. त्यांत एका केंद्रापासून दुसरें ९ किंवा १० किलोहर्ट्झ दूर ठेवावें लागतें. म्हणजे साऱ्या पट्ट्यांत जागा काय त्या शंभर-सव्वाशें. त्यांतहि सूर्यास्तानंतर ह्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परततात आणि शेंकडों मैल दूर जाऊन पडतात, तेव्हां एका शहरास दिलेली जागा दूरच्या दुसऱ्या शहरास निर्वेधपणें देतां येत नाहीं. अमेरिकेंत १९२६ सालीं न्यायालयाच्या एका निकालानें सरकारचा हा वांटपाचा अधिकार लुळा पडला, तेव्हां तेथील केंद्रांनीं वाटेल ती जागा बळकावून असा कांहीं गलबला केला कीं पुढच्याच वर्षीं नवा कायदा करणें भाग पडलें.

तेव्हां पंच हवा, यांत शंका नाहीं. मात्र पंच निराळा आणि मालक निराळा. आणि त्या दोघांहून बोलणारा निराळा. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावण्यास गांवाला पाटकरी लागतोच. पण तो पाळ्या लावतो एवढ्याचसाठीं पाट त्याचा होत नाहीं, आणि सगळें पाणी त्यानें आपल्याच मळ्यांत सोडावें असें तर कोणीच म्हणत नाहीं. नभोवाणीच्या बाबतींत या देशांत नेमकें हेंच घडलें. पाळ्या लावणारा, पाटाचा धनी आणि बागाईतदार हे तिघेहि एकच झाले, आणि तें इतक्या हळूहळू झालें कीं कित्येक वर्षें त्यांत कोणास कांहीं विपरीत दिसलें नाहीं.

इंग्रज सरकारनें हें पाणी आपल्या मळ्यांत वळविलें तें हांवेनें मात्र नव्हे. आरंभीं त्याला नभोवाणी नकोच होती. १९२१ च्या ऑगस्टांत मुंबईहून एक गाण्याचा कार्यक्रम हौसेनें प्रक्षेपित झाला व तो पुण्यास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं ऐकला. १९२३ पासून मुंबईचा रेडिओ क्लब अधूनमधून कार्यक्रम करूं लागला. हीं सारीं शोकीन मंडळींचीं कामें. पुढें १९२६ सालीं ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ या खाजगी मंडळीशीं सरकारनें करार केला आणि २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें. महिन्याभरानें कलकत्त्याचें झालें. कंपनीचें अधिकृत भांडवल १५ लाखांचें, हातीं आलें तें सहा लाखांच्या आसपास. दर यंत्रामागें वर्षाला दहा रुपये परवाना-फी आणि तीपैकीं शेंकडा ८० कंपनीला, असा हिशेब होता. पण यंत्रें महाग, परवान्याचा खर्च वर, आणि केंद्राचा आवाज शहराबाहेर फारसा पोंचेना. साऱ्या देशांत परवाने आठ हजारांच्याहि आंतच राहिले. परवाना न काढतां चोरून ऐकणारेहि पुष्कळ होते. त्यांना शोधीत फिरण्याची उमेद ना कंपनीला होती ना सरकारला. १ मार्च १९३० रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें.

त्याच वर्षीं १ एप्रिलला सरकारनें दोन वर्षांच्या बोलीनें तीं केंद्रें चालविण्यास घेतलीं. तेंहि जड झालें म्हणून १९३१ च्या ऑक्टोबरांत तीं बंद करण्याचा निर्णय झाला. लोकांनीं, आणि ज्यांच्या दुकानांत विलायती यंत्रें पडून होतीं त्या व्यापाऱ्यांनीं, ओरड केली, तेव्हां थोड्याच आठवड्यांत निर्णय फिरला. १९३२ च्या मे महिन्यांत नभोवाणी कायमची सरकारी झाली. ज्या मालमत्तेवर पुढें साठ वर्षें डोळ्यांत तेल घालून पहारा झाला ती सरकारला अशी दिवाळखोराच्या लिलावांतून मिळाली, आणि दीड वर्षांत ती टाकून द्यावयासहि सरकार निघालें होतें.

१९३५ सालीं बी. बी. सी.तून लायोनेल फील्डन हे गृहस्थ नभोवाणीचे पहिले नियंत्रक म्हणून आले. स्वभावानें तऱ्हेवाईक, पण कामाचा झपाटा विलक्षण. खात्याचें जुनें लांबलचक नांव त्यांना आवडेना आणि सचिवालय तर बदलूं देईना. तेव्हां त्यांनीं एका मेजवानीनंतर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांठून, आपण अडचणींत आहों असें भासवून, ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे शब्द त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. कल्पना खुद्द व्हाइसरॉयांची म्हटल्यावर सचिवालयाचा विरोध संपला. ही हकीकत फील्डन यांनींच आपल्या आत्मचरित्रांत नोंदविली आहे. ८ जून १९३६ पासून तें नांव चालूं झालें. इकडे ‘आकाशवाणी’ हें नांव तोंवर म्हैसुरास रूढ होऊं लागलें होतें. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनीं १९३५ च्या सप्टेंबरांत तेथें स्वतःच्या घरीं लहानसें केंद्र काढलें होतें, त्याचें हें नांव. संस्थानी मुलुखांत तेवढी मोकळीक होती. पुढें तेंच नांव साऱ्या देशानें घेतलें, आणि २०२३ सालीं सरकारी कारभारांतून इंग्रजी नांव काढून केवळ ‘आकाशवाणी’ ठेवण्यांत आलें. जें नांव एका प्राध्यापकाच्या खाजगी उद्योगास मिळालें होतें तें सरकारी मक्त्याचें बिरुद झालें, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

एकाच मळ्यांत सगळें पाणी गेल्यानें काय होतें याचें सर्वांत बोलकें उदाहरण राजकारणांतलें नाहीं; तें गाण्यांतलें आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. पेटीचे सूर ठोकळेबाज असतात, तिच्यावर मींड निघत नाहीं, श्रुतींचें सूक्ष्म अंतर तिला साधत नाहीं, हा आक्षेप खोटा नव्हे. रवींद्रनाथ ठाकुरांनाहि पेटी नापसंत होती. उलट पक्षीं, महाराष्ट्रांत जिच्या साथीवर नाटकाच्या पदांनीं रात्रीमागून रात्री जागविल्या ती पेटी गाण्याला मारक आहे हें गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांचें वादन ऐकलेल्या रसिकाला कसें पटावें? असा वाद मैफलींत व्हावा, मासिकांत व्हावा, आणि ज्याला जें रुचेल तें त्यानें घ्यावें. पण जेथें व्यासपीठ एकच, तेथें वादाला जागा कोठून राहणार? एका अधिकाऱ्याच्या कानाला जें खटकलें तें देशाच्या कानांपासून दूर झालें, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. मधल्या एकतीस वर्षांत राज्य बदललें, घटना झाली, मंत्री आले नि गेले. पेटीवरची फर्मानें मात्र जागचीं हललीं नाहींत.

मक्ता मोडण्याचा एक धाडसी प्रयत्न मुंबईंत झाला, त्याची कथा येथें सांगितलीच पाहिजे. १९४२ च्या ऑगस्टांत पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलपें लागलीं, आणि नभोवाणीवर सरकार सांगेल तेवढीच बातमी उरली. अशा वेळीं बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे कांहीं सोबती यांनीं चोरून एक प्रक्षेपण-यंत्र जुळविलें. यंत्राचे भाग आणि जाणकार माणसें मिळविण्यास ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांची मदत झाली. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरांवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलूं लागला. हिंदुस्थानांतून कोठून तरी, एवढाच आपला पत्ता तो सांगे. तो ‘कोठून तरी’ म्हणजे कधीं लॅबर्नम रोड, कधीं सँडहर्स्ट रोड, कधीं महालक्ष्मी. कारण लहरींचा माग काढीत पोलिसांच्या गाड्या फिरत, आणि एका ठिकाणीं फार दिवस राहणें म्हणजे दार उघडून त्यांची वाट पाहणें होतें. चितगांववरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि विदर्भांतील आष्टी-चिमूरचे प्रकार, ज्यांना हात लावण्यास छापील पत्रें धजत नव्हतीं त्या बातम्या या यंत्रानें लोकांपर्यंत पोंचविल्या. त्यावर गोंगाटाच्या लहरी सोडून तो आवाज बुडविण्याचाहि प्रयत्न झाला. शेवटीं एका तंत्रज्ञाची फितुरी झाली आणि १२ नोव्हेंबरला गिरगांवांत धाड पडली. मेहताबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या १९४६ सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून सुटल्या. म्हणजे केंद्र जेमतेम अडीच महिने चाललें. ज्या कायद्यानें परवान्यावांचून यंत्र बाळगणें गुन्हा ठरविलें होतें त्याचा रोख वास्तविक कोणावर होता, तें या अडीच महिन्यांत उघड झालें.

१९४७ सालीं राज्य आपलें झालें तेव्हां भारताच्या वांट्याला सहा केंद्रें आलीं: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. काँग्रेस रेडिओच्या मंडळींचेच सहकारी आतां सत्तेवर होते. नभोवाणी शक्य तों बी. बी. सी.सारखी स्वायत्त असावी, पण तूर्त तें होण्यासारखें नाहीं, अशा अर्थाचें मत पंडित नेहरूंनीं १९४८ सालीं घटनासमितींत मांडलें. ‘तूर्त’ हा शब्द सरकारी भाषेंत फार दीर्घायुषी आहे. १९६४ सालीं नेमलेल्या चंदा समितीनें १९६६ सालीं स्वायत्त महामंडळांची शिफारस केली; १९७८ सालीं वर्गीस मंडळानें तीच गोष्ट अधिक विस्तारानें सांगितली; प्रसारभारतीचा कायदा १९९० सालीं झाला आणि अमलांत आला तो १९९७ सालीं. विरोधी बाकांवर असतांना ज्या पक्षाला नभोवाणी मोकळी हवी असते त्याला सत्तेवर येतांच ती आपल्या हातीं असलेली बरी वाटते, आणि या बाबतींत पक्षापक्षांत फारसा भेद दिसत नाहीं.

दरम्यान बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या पुण्याच्या विद्वान गृहस्थांनीं १९५२ पासून दहा वर्षें हें खातें सांभाळलें. शास्त्रीय संगीताला त्यांनीं जें बळ दिलें त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण सिनेमाचीं गाणीं लोकांनीं ऐकूं नयेत म्हणून त्यांनीं आकाशवाणीवरून तीं जवळजवळ हद्दपार केलीं, तेव्हां लोकांनीं यंत्राची खुंटी पिळून कोलंबो लावलें. युद्धकाळांतील दोस्त सैन्याचें जबरदस्त यंत्र सिलोन नभोवाणीला आयतें मिळालें होतें. अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ मुंबईंत मुद्रित होऊन कोलंबोस जाई आणि तेथून पुन्हा मुंबईच्या माजघरांत उतरे. १९५७ सालीं ‘विविध भारती’ काढून सरकारनें मुकाट्यानें तडजोड केली. लहरींना सरहद्द ठाऊक नसते, एवढा धडा त्यांतून घेतां आला असता.

२६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लींतील छापखान्यांची वीज तोडली गेली आणि अनेक पत्रें निघूंच शकलीं नाहींत. आणीबाणीची घोषणा लोकांनीं ऐकली ती आकाशवाणीवरून. नभोवाणीची वीज तोडण्याची गरजच नव्हती. पुढच्या वर्षीं सरकारच्या मर्जीप्रमाणें वागण्यास नकार दिल्यावरून किशोरकुमार यांचीं गाणीं आकाशवाणी व दूरदर्शन यांवरून बंद झालीं. पेटीच्या बंदींत निदान संगीतशास्त्राचा आधार तरी होता.

पाट कोणाचा, हा मूळ प्रश्न न्यायालयापुढें आला तो क्रिकेटच्या निमित्तानें. १९९३ च्या हीरो चषकाचे सामने दाखविण्याचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेनें परदेशी कंपनीस विकले. दूरदर्शननें व सरकारनें हरकत घेतली. कंपनीचीं उपकरणें जकात खात्यानें अडविलीं. १८८५ च्या कायद्यान्वयें प्रक्षेपणाचा अनन्य अधिकार आमचा, असें सरकारचें म्हणणें. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं विद्युल्लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचें नियमन सार्वजनिक संस्थेनें, लोकहितार्थ करावें. आणि सरकारचा मक्ता हा भाषणस्वातंत्र्याशीं सुसंगत नाहीं. न्यायमूर्ति पी. बी. सावंत व एस. मोहन यांचा एक निवाडा, न्या. जीवन रेड्डी यांचा दुसरा. सरकारच्या मक्त्याजागीं दोनचार धनिकांचा मक्ता येणें हेंहि तितकेंच घातक, हा इशारा त्यांत होता. पाटकरी, धनी आणि बागाईतदार हे तिघे निराळे आहेत, हें एकशें दहा वर्षांनीं अधिकृतपणें सांगितलें गेलें.

पण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ लोकांनीं एक घेतला आणि खजिन्यानें दुसरा. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे लिलावांत काढावयाची मालमत्ता, असें समीकरण बसलें. २०१२ सालीं दूरध्वनीच्या लहरींचे १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयानें रद्द केले ते लिलावावांचून वाटल्याच्या कारणास्तव, आणि तें त्या प्रकरणीं योग्यच होतें. एफ. एम. केंद्रांचेहि लिलावच झाले. पहिलें खाजगी केंद्र २००१ सालीं बंगळूरला सुरू झालें. पहिल्या फेरींत बोली इतक्या चढल्या कीं कित्येकांनीं मागाहून माघार घेतली. जे उरले त्यांनीं खर्च भरून काढण्यासाठीं सकाळपासून रात्रीपर्यंत तींच तीं चित्रपटगीतें लावलीं. आणि एक अट अशी होती कीं ज्यांनीं कोट्यवधि रुपये भरून जागा घेतली त्यांनाहि बातमी सांगण्याची मनाई. २०११ च्या धोरणानें त्यांना आकाशवाणीचें बातमीपत्र ऐकविण्याची मोकळीक दिली, तीहि अक्षराचा फरक न करतां.

चित्रवाणीची गोष्ट पाहिली म्हणजे ही मनाई अधिकच चमत्कारिक दिसते. १९९१-९२ सालीं उपग्रहावरून परदेशी प्रक्षेपण घरोघर आलें. जुन्या कायद्याचा हात तेवढ्या उंचीवर पोंचला नाहीं, आणि मागाहून खाजगी बातम्यांना रीतसर वाट देणें भाग पडलें. तेव्हांपासून बातमी छापतां येते, चित्रासह दाखवितां येते. केवळ ध्वनिरूपानें, चित्रावांचून सांगणें तेवढें निषिद्ध. एवढ्या केंद्रांवर नजर कोण ठेवील, देशाच्या सुरक्षिततेचें काय, असें उत्तर सरकारकडून येई. त्यांतील खरा मुद्दा पहिला आहे. चित्रवाणीला भांडवल लागतें, आणि भांडवलवाल्याला समजावितां येतें. नभोवाणी फार स्वस्त आहे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यांतील मन्सूरपूर गांवीं यंत्रदुरुस्तीचें लहानसें दुकान चालविणाऱ्या एका तरुणानें घरगुती प्रक्षेपण-यंत्र बनविलें आणि शेजारच्या इमारतीवर बांबू उभारून त्यावर तार बांधली. भोजपुरी गाणीं, हरवलेल्या मुलांच्या वर्दी, रोगराईविषयीं सूचना, असा त्याचा कार्यक्रम आसपासच्या खेड्यांत मोठ्या आवडीनें ऐकला जाई. परवाना नांवाची वस्तु असते हें त्याला ठाऊक नव्हतें. २००६ सालीं तें केंद्र बंद करण्यांत आलें. जें माध्यम गरिबाला परवडतें त्याच्याच दारावर पहारा सर्वांत कडक, असें जें चित्र दिसतें त्याला निराळी उपपत्ति सुचणें कठीण आहे.

त्याच २००६ सालीं सामुदायिक नभोवाणीचे परवाने स्वयंसेवी संस्थांना खुले झाले. त्यापूर्वीं ते शिक्षणसंस्थांपुरते होते. २००८ सालीं तेलंगणांतील माचनूर येथें दलित स्त्रियांनीं चालविलेलें ‘संगम’ केंद्र सुरू झालें, आणि साताऱ्याच्या माण तालुक्यांत म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झालें. ज्वारी-बाजरीचें बियाणें, गुरांचे रोग, बचत, ओव्या, शाळेंतील मुलांचे प्रश्न, असे विषय तेथें गांवच्याच बोलींत निघतात. चांगलें काम चाललें आहे. पण बातमी तेथेंहि आकाशवाणीचीच. पंचायतीच्या सभेंत काल काय झालें हें चावडीवर बोलतां येतें, यंत्रासमोर मात्र जपून.

इकडे १८८५ च्या कायद्याचें आयुष्य तारेहूनहि लांबलें. १४ जुलै २०१३ रोजीं देशांतील शेवटची तार स्वीकारली गेली; कायदा तसाच राहिला. २०१७ सालीं त्याच्याच आधारें नियम झाले, ज्यान्वयें एखाद्या मुलखांतील दूरध्वनी व इंटरनेट तात्पुरतें बंद करतां येई. काश्मिरांत ५ ऑगस्ट २०१९ पासून दळणवळण तुटलें. जलद इंटरनेट पूर्ववत् होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. असली बंदी अनिश्चित काळ चालूं शकत नाहीं व तिचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० च्या निकालांत म्हटलें. कंपन्यांचीं यंत्रें खाजगी, हातांतील दूरध्वनी खाजगी, बोलणारा नि ऐकणारा खाजगी; तरी कळ फिरविण्याचा अधिकार त्या जुन्या कायद्यांतूनच येत होता. आणि आतां तर लहरींची टंचाई ही सबबहि राहिलेली नव्हती.

२०२३ सालीं त्या कायद्याच्या जागीं दूरसंचाराचा नवा कायदा झाला. लोकांच्या वतीनें लहरींचें मालक केंद्र सरकार, अशा अर्थाचे शब्द त्यांत आहेत. न्यायालयानें लोकांना दिलेली मालकी ‘वतीनें’ या एका शब्दावर बसवून कायद्यानें परत आणली, असें कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणें सोपें नाहीं. सेवा बंद करण्याचा अधिकारहि नव्या कायद्यांत कायम आहे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत दूरसंचार नियामक प्राधिकरणानें खाजगी एफ. एम. केंद्रांना तासाला दहा मिनिटें बातम्या सांगूं द्याव्या अशी शिफारस केली. साठ मिनिटांत दहा, म्हणजे पाळी लागली, पण पाण्याचें भांडें मोजून.

२०११ च्या धोरणांत बातमी कशाला म्हणूं नये याची एक यादी आहे, ती वाचण्यासारखी आहे. रहदारी, हवामान, परीक्षांचे निकाल, खेळांचे सामने, वीज व पाणी यांविषयीं स्थानिक अधिकाऱ्यांनीं दिलेल्या सूचना, या बातम्या नव्हेत. म्हणून खाजगी केंद्रांनाहि त्या सांगतां येतात. त्यामुळें शहरांतल्या एखाद्या पेठेंत उद्यां पाणी येणार नाहीं, हें निवेदकाला दोन गाण्यांच्या मध्यें खुशाल सांगतां येतें. तें कां येणार नाहीं, कोणाच्या हलगर्जीनें येणार नाहीं, आणि शेजारच्या पेठेंत मात्र कसें येणार आहे, ही बातमी होते; ती ऐकण्यासाठीं श्रोत्यानें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्राची वाट पाहावयाची.